घाट, गारवा आणि मागची सीट

दिघ्याच्या माणसाला डोंगर पाहायला लांब जावं लागत नाही. गच्चीवर चढलं की पूर्वेला पारसिकची रांग उभी असते. तिच्या कुशीत इलठण पाड्याजवळ रेल्वेचं इंग्रजांच्या काळातलं धरण आहे. वाफेच्या इंजिनांना लागणारं पाणी पुरवण्यासाठी ते बांधलं होतं. पश्चिमेला खाडी आणि मधून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता, त्यावर दिवसरात्र कंपन्यांचे ट्रक. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इथे थंडी कमी आणि धुरकं जास्त असतं. रात्री जमीन थंड झाली की तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, वरच्या उबदार थराखाली झाकण घातल्यासारखी अडकून पडते आणि गाड्यांचा, कारखान्यांचा धूर तिच्यातच साचतो. मूल खोकायला लागतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, चला, दोन दिवस घाटावर जाऊन येऊ.

अशा सहलीसाठी दिघ्याहून सोयीची वाट म्हणजे कसारा घाट आणि पुढे भंडारदरा. विटावा, कळवा, खारेगाव करत नाशिक महामार्गाला लागायचं. पडघा, शहापूर, खर्डी मागे टाकत कसारा. घाट चढून इगतपुरी. घोटीला उजवीकडे वळून कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि मग धरणाजवळचं शेंडी गाव. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. फोनवरचा नकाशा यासाठी साडेतीन-चार तास दाखवतो, पण तो हिशेब गाडीचा असतो. त्याच चार तासांत मागच्या सीटवरचं दोन-तीन वर्षांचं मूल समुद्रसपाटीवरून साडेसातशे मीटर उंचीवर पोचतं, शेकडो वळणं अंगावर घेतं आणि दमट हवेतून कोरड्या बोचऱ्या हवेत जातं. मोठ्यांना यातलं फारसं काही जाणवत नाही, म्हणून लेकराला काय होतंय हेही लक्षात येत नाही. सहलीचं वेळापत्रक मुलाच्या शरीराकडे पाहून आखावं, नकाशाकडे पाहून नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

पहिली गोष्ट निघण्याच्या वेळेची. ‘पहाटे चारला निघू, ट्रॅफिक लागणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. भिवंडीच्या आसपासची अवजड वाहनांची गर्दी पाहता त्यात तथ्यही आहे. पण पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाच्या मेंदूला झोपेची सर्वांत जास्त ओढ असते, मग तो रात्री कितीही लवकर झोपलेला असो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे चारला निघालेला चालक कसाऱ्याला अंधारात, धुक्यात आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी पोचणार. सातला निघा. मुलांची झोप पुरी होऊ द्या, पोटात थोडं काही जाऊ द्या. तीन तास उशिरा पोचल्याने भंडारदऱ्याचं पाणी आटत नाही.

आता कपडे. मुंबईचं थंडीशी नातं किती जुजबी आहे हे एका आकड्यावरून कळतं: सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ती नोंद २२ जानेवारी १९६२ची आहे. समुद्र जवळ असला की रात्री हवा फार गार होत नाही. घाटमाथ्यावर समुद्राचा हा आधार सुटतो. उंचीमुळे दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने तापमान उतरतं, म्हणजे इगतपुरीपर्यंत चारेक अंश. त्यात कोरड्या, निरभ्र हवेमुळे रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. थोडं पुढे निफाडला दर हिवाळ्यात पारा एक आकडी होतो तो यामुळेच. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं. बाळाचं डोकं तर बाकीच्या अंगाच्या मानाने चांगलंच मोठं. आजीचा कानटोपीचा आग्रह शास्त्राला धरून आहे.

पण याच काळजीपोटी आपण एक मोठी चूक करतो. फुगीर जाकीट घालून मुलाला सीटवर बसवतो आणि त्यावरून पट्टा बांधतो. पट्टा घट्ट वाटतो, पण घट्ट झालेला असतो तो जाकिटातल्या कापसा-हवेवर. गाडी जोरात थांबली की जाकीट दबतं, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी तयार होते आणि मूल तिच्यातून पुढे निसटू शकतं. घरी करून पाहा. जाकिटासकट पट्टा आवळा, मग पट्टा न हलवता जाकीट काढून मुलाला पुन्हा बसवा. किती सैल पडतो ते डोळ्यांनी दिसेल. मूल अंगाला बसणाऱ्या पातळ लोकरी कपड्यांत बसवावं, पट्टा बांधावा आणि वरून शाल किंवा आजीची गोधडी पांघरावी. गरम झालं तर काढताही येते.

आणि मांडी. मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित, हे आपल्या मनात इतकं खोल रुजलंय की त्याविरुद्ध बोललं तर लोक दुखावतात. तरी बोललंच पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या चौदाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोचं होतं. कुठल्याही आईचे हात, तिच्या मायेत तसूभर कमी नसताना, ते वजन धरू शकत नाहीत. पुढच्या सीटवर तर आई आणि बाळ यांच्या समोर एअरबॅग असते. ती पापणी लवायच्या आत फुटते आणि बाळावर आदळते. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे, नाहीतर एक हजार रुपये दंड. हजार रुपये ही फार छोटी रक्कम आहे. कायद्याने या गोष्टीचं मोल कमी लावलं असं माझं मत आहे.

बालआसनाचा आणखी एक फायदा आहे. तो समजण्यासाठी आधी ‘गाडी लागणं’ समजून घ्यावं लागतं.

आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. घाटात त्या नळ्या सतत सांगत असतात: डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे. पण मागच्या सीटवर बुटक्या उंचीने बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय असतं? पुढच्या सीटची पाठ. ती जागची हलत नाही. कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो स्थिर आहे. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि त्याचा निकाल पोटावर निघतो. हातात मोबाइल दिला की डोळे अधिकच एका जागी खिळतात. मूल शांत बसावं म्हणून दिलेला मोबाइल दहाव्या वळणाला उलटी घेऊन येतो. सर्वांत त्रासदायक असतात ते साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ गतीचे हेलकावे. लाटांवरच्या बोटीचा ताल तोच, आणि वळणांच्या घाटात बेताने चाललेल्या गाडीचाही जवळपास तोच.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी क्वचितच लागते. पुढे हा त्रास वाढत जातो, नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग हळूहळू ओसरतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र जवळजवळ कधीच लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं आणि त्याचं शरीर त्या तयारीत असतं. इथेच मुलांसाठी एक युक्ती सापडते. पट्ट्यासाठी मुलाला उंच बसवणारं आसन त्याची नजर खिडकीच्या आणि समोरच्या काचेच्या पातळीला आणतं. त्याला दूरचा डोंगर दिसायला लागला की कान आणि डोळा यांचं भांडण निम्मं मिटतं. मग त्याला काम द्यायचं: पुढचं वळण कुठे ते आधी सांगायचं. आमची सहा वर्षांची मुलगी पूर्वी खर्डी सोडल्यावर पांढरी पडायची. ती मागच्या हिवाळ्यात घाटभर ‘बाबा, आता डावीकडे! आता मोठ्ठं उजवीकडे!’ ओरडत गेली आणि इगतपुरीला उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो खायला काय आहे हा. एका मुलीच्या अनुभवावरून नियम बनत नाही, पण यामागचं कारण पक्कं आहे.

पोट रिकामं ठेवू नये, तुडुंबही भरू नये. मऊ भात, पोळीचा तुकडा, केळं पुरे. तळलेलं घाटानंतर. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला उलटीवरची गोळी किंवा औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. मोठ्या मुलांनाही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. आणि हिवाळ्यात डब्यात हमखास असणारी शेंगदाण्याची चिक्की चालत्या गाडीत लहानग्याच्या हाती देऊ नये. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा नीट चावता येत नाही, आणि वळणावर बसलेल्या धक्क्याने तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. चिक्की गाडी थांबवून, मांडी घालून बसून खाण्याची वस्तू आहे.

आता कसाऱ्याला दोन वाटा आहेत. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. भिवंडी तालुक्यातल्या आमण्याहून त्या रस्त्याला लागलं की सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून गाडी डोंगराच्या पोटातून थेट इगतपुरीच्या बाजूला निघते. वळणं नाहीत, त्यामुळे उलट्या नाहीत. मूल आजारी असेल, फार लहान असेल किंवा उशीर झाला असेल तर निःशंक तिथूनच जावं.

पण मूल बरं असेल तर एकदा तरी जुन्या घाटाने जा. कारण तिथे पाहण्यासारखं फार आहे. डोंगराच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात, एकावर एक ठेवलेल्या चपात्यांच्या चवडीसारख्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा वाहिला. प्रत्येक रेघ म्हणजे एक किंवा अनेक पूर. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. सह्याद्री खरोखरच जिना आहे. मुलांना पायऱ्या मोजायला सांगा. जानेवारीच्या शेवटी गेलात तर उघड्याबोडक्या फांद्यांवर सावरीची लाल फुलं दिसू लागलेली असतात.

आणि रेल्वे. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५मध्ये सुरू झाला. त्याचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, आणि आगगाडीला हा चढ भयंकर आहे. म्हणून आजही कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढून ओढणारं एक आणि मागून ढकलणारी दोन-तीन, असा तो ताफा डोंगरकडेने चढताना दिसला की मुलांना दुसरं काही नको असतं. घरामागच्या धरणाचं पाणी कधीकाळी वाफेवर चालणाऱ्या इंजिनांसाठी साठवलं होतं, हेही त्यांना सांगावं.

वर पोचल्यावर खाऊच्या पिशवीत हात घाला. वेफर्सचं पाकीट फुगून ढोलकीसारखं टणक झालेलं असतं. दिघ्यात ते मऊ होतं. पाकिटातली हवा तेवढीच आहे, पण बाहेरून दाबणारी हवा विरळ झाली. सहाशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. पाच वर्षांच्या मुलाला हवेचा दाब समजावण्यासाठी यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६मध्ये पूर्ण झालं. मागे पसरलेलं निळं पाणी, पलीकडे १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. दिवसभर ऊन छान असतं. काळजी रात्रीची. हल्ली पाण्याकाठी तंबूत राहण्याची हौस वाढली आहे आणि मुलांना ते आवडतंही. पण थंड हवा जड असते. पाण्यासारखी उतारावरून घरंगळत ती खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात हेच घडतं. गावातला तापमापक शून्याच्या वर काही अंश दाखवत असताना वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरं होतं. म्हणून तंबू खोलगटात नको, जरा चढावर हवा. आणि पांघरायच्या दोन गोधड्यांपेक्षा खाली अंथरलेली एक जाड सतरंजी जास्त कामाची, कारण अंगाखालची जमीन रात्रभर ऊब शोषत राहते.

पुढची गोष्ट मात्र ठळक अक्षरात वाचावी. तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. इंजिन चालू ठेवून बंद गाडीतही झोपू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून किंवा इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि ती झोपच वाटते. मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, त्यामुळे विष त्यांच्या अंगात आधी भिनतं. शेकोटी बाहेर करा, मनसोक्त शेका, विझवा आणि मग आत जा.

परतीच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि दुपारच्या जेवणानंतर मुलं मागे गाढ झोपतात. घाटउतारावर चालकाने ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, इंजिनलाच गाडी आवरू द्या. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे लोक अजून भेटतात. ते पाचपन्नास रुपयांसाठी मागच्या सीटवरच्यांचा जीव पणाला लावतात. थंडीत काचेवर आतून वाफ धरली तर हाताने पुसत बसू नका; एसी लावा, तो हवेतला ओलावा काढून घेतो, आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ चालू ठेवा.

राहिले कान. मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. चढताना कानातली जास्तीची हवा तिच्यातून आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि नळी झडपेसारखी मिटते. ती उघडायला गिळावं लागतं किंवा जांभई द्यावी लागते. लहान मुलांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यात हिवाळ्यातली सर्दी. झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो. म्हणून कान चढताना नाही, उतरताना दुखतो. कसाऱ्याच्या अलीकडे मूल किंचाळून उठतं, कानाशी हात नेतं, आणि आईवडिलांना वाटतं भूक लागली की वाईट स्वप्न पडलं. आमचा धाकटा असाच अर्धा घाट रडला होता. कानाला दडा बसलाय हे आम्हाला शहापूर आलं तेव्हा उमगलं.

तेव्हा इगतपुरी सोडण्याआधी मुलांना उठवा. तान्ह्या बाळाला गाडी थांबवून पाजा, आणि उतारावर रडू लागलं तर पुन्हा थांबा. मोठ्यांना घोटघोट पाणी देत राहा. पाण्याची बाटली रिकामी झाली की तिचं झाकण तिथेच, माथ्यावर, घट्ट लावून मुलाच्या हाती द्या. दिघ्याला पोचेपर्यंत ती आपोआप आत पिचकलेली असेल.